होय, मी गुजरी!

मी एक जुनी मोटार आहे. कोणती, असे विचाराल तर मला उत्तर देता येणार नाही, आणि त्याची मला लाजही वाटणार नाही. तुमच्या दारातल्या गाड्यांच्या कपाळावर त्यांच्या कारखान्याचे नाव असते. माझे कपाळ कोरे आहे. मित्रांनो, मी कारखान्यात जन्मले नाही. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, एका करंजाच्या झाडाखाली, एका माणसाने मला जुळवले.

त्यांचे नाव फत्तेसिंगराव. त्यांचे मराठी पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. ते स्वतः तंत्रनिकेतनात मुलांना यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकवत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांवर पेन्सिल फिरवून त्यांच्या बोटांना एक भूक लागली असावी. एके दिवशी कोइमतूरहून आलेल्या मालमोटारीने त्यांच्या अंगणात एक भला मोठा लाकडी खोका उतरवला. त्यात माझे अंग होते. फायबरचे, दोन माणसांपुरते, अंड्याच्या टरफलासारखे हलके. अशा गाडीला किट कार म्हणतात. खोक्यातून मिळते ते केवळ रूप. काळीज, हाडे आणि हातपाय ज्याचे त्याने शोधून आणायचे असतात.

त्यांनी ते शोधले, आणि कुठे कुठे शोधले! माझे इंजिन एका वळणावर जायबंदी झालेल्या फियाटचे. पुढचे दिवे कृष्णराजनगरच्या भातखाचरांत राबून थकलेल्या ट्रॅक्टरचे. ते अजूनही किंचित मान खाली घालून रस्त्याकडे पाहतात, जणू नांगराचा तास सरळ पडला आहे की नाही हे तपासत आहेत. मागचा लाल दिवा याच शहरात तयार झालेल्या येझदी मोटरसायकलचा. दाराची मूठ एका मोडक्या फ्रिजची, त्यामुळे दार उघडले की नवखा माणूस क्षणभर थंड हवेची वाट पाहतो. स्टिअरिंगचे कडे शिसवीचे, आणि त्यात पांढऱ्या तुकड्यांनी जडवलेला एक इवलासा घोडा. गिअरबॉक्सविषयी मात्र पुढे सांगेन. माझा जीव एकदा तिथेच अडकला होता.

पहिल्यांदा मी अंगणाबाहेर पडले तेव्हा फत्तेसिंगरावांच्या शेजारी त्यांची नवी नवरी भवानीबाई बसली होती. तिने एका हाताने पदर धरला होता आणि दुसऱ्या हाताने दार, कारण ते दार वळणावर उघडेल याची तिला खात्री होती. ते उघडलेही. ती हसली. त्या हसण्याचा आवाज माझ्या पत्र्यात नाही, फायबरमध्ये मुरला आहे. आणि फायबर गंजत नाही.

पुढची वर्षे माझी होती. चामुंडीची टेकडी मी कुरकुर न करता चढे. मोहल्ल्यातल्या कितीतरी नवऱ्या माझ्यातून वरातीला गेल्या. शरत, त्या दोघांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच मांडीवर गाडी चालवायला शिकला. फत्तेसिंगराव त्याला क्लच सोडायला शिकवत तेव्हा म्हणत, “पायाखाली लोण्याचा गोळा आहे असं समज. दाबायचं नाही, झटकायचं नाही. वितळू द्यायचं.”

एकदा आम्ही जुन्या मोटारींच्या एका मेळाव्याला गेलो होतो. चकचकीत टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी माझ्याभोवती फेरी मारली आणि विचारले, “ही कोणत्या कंपनीची?”

“घरची,” फत्तेसिंगराव म्हणाले.

“म्हणजे अस्सल नाही.”

“इंजिन अस्सल, दिवे अस्सल, चाकं अस्सल. खोटं यातलं काय आहे ते दाखवा, मी काढून टाकतो.”

गृहस्थांना काही दाखवता आले नाही, पण आम्हाला रांगेत उभे राहायला जागाही मिळाली नाही. आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो, आणि आतल्यापेक्षा अधिक मुले आमच्याभोवती जमली. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकले. वंशावळ विचारणारे लोक बहुधा स्वतः पायी चालत नाहीत.

मग फत्तेसिंगराव गेले. ते कसे गेले हे मी सांगणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे, की एके सकाळी ज्या हाताने मला सुरू करायचे तो हात आला नाही. काही महिने शरतने मला चालवले. हळूहळू माझा क्लच झिजला. इंजिन ओरडे आणि चाके ऐकत नसत. मेकॅनिकने मला उघडले, फियाटची नवी क्लच प्लेट आणली, बसवून पाहिली, मान हलवली आणि सगळे पुन्हा बंद करून तो निघून गेला. ती प्लेट बसलीच नाही. माझ्यावर ताडपत्री पडली. करंजाची फुले वर्षानुवर्षे त्या ताडपत्रीवर गळत राहिली. गोकुलमच्या योगशाळेतून भटकत आलेली एक परदेशी मुलगी तेवढी एकदा ताडपत्री उचलून आत डोकावली, फोटो काढून गेली. फोटोसाठी तरी मी जिवंत होते.

आता त्या घराचा एक नियम सांगते, कारण माझे मरण त्याच नियमात लपले होते. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, म्हैसुरात सगळी वाहने धुतात, त्यांना झेंडूच्या माळा घालतात, चाकांपुढे लिंबे ठेवतात आणि गाडी त्यांवरून नेतात. भवानीबाईच्या घरी गाडीच्या आधी तलवार पुजली जाते, तीही म्यानातून उपसलेली. जे म्यानातून निघत नाही ते शस्त्र नव्हे, लोखंड. ते कावेरीला द्यायचे. चाकांनाही तोच कायदा. लिंबू गाडीने स्वतःच्या बळावर फोडायचे. ढकलून फोडलेले लिंबू मोजायचे नाही.

दरवर्षी भवानीबाई माझ्या चाकापुढे लिंबू ठेवी. दरवर्षी ते तिथेच सुकून जाई, आणि कोणी पाहत नाही असे बघून ती ते उचलून पदराखाली नेई. पण शरत पाहत होता.

त्याने नवी गाडी घेतली होती आणि ती रस्त्यावर उभी राहत असे. आठवडाभर कोणीतरी तिच्यावर ओरखडे काढले, तेव्हा तो आईसमोर येऊन उभा राहिला.

“आई, सुम्ने, उगीच हट्ट नको. जागा पायजे. तूच सांगतेस ना, म्यानातून निघत नाही ते लोखंड? मग ही काय?”

भवानीबाईचा नियम तिच्याच गळ्याशी आला होता. मग ती म्हणाली, “या आयुधपूजेस लिंबू फुटलं तर राहील. नाही फुटलं तर विजयादशमीस तुझ्या त्या वेंकटेशला बोलव. फाटक मी उघडीन.”

वेंकटेश हा आमच्या भागातला भंगारवाला. तो मला आधीच पाहून गेला होता. माझ्या दारावर टिचकी मारून तो शरतला म्हणाला होता, “पूर्ण गुजरी, सार. लोखंड असतं तर बरं. हे फायबर तर गुजरीतसुद्धा कोणी घेत नाही.” तेव्हापासून गल्लीतली मुले मला गुजरी म्हणू लागली.

वरच्या मजल्यावर त्याच वर्षी एक जोडपे भाड्याने राहायला आले होते. त्र्यंबक आणि सिंधू, दोघेही कोल्हापूरचे, नोकरीनिमित्त इकडे आलेले. घरात आणखी कोणाची मराठी ऐकू येते म्हणून भवानीबाई हरखली होती. पण तिची मराठी ऐकून त्र्यंबकला प्रथमप्रथम हसू येई. मला राग येई. तिची भाषाही माझ्यासारखीच आहे, मित्रांनो. थोडे तंजावरचे, थोडे म्हैसूरचे, थोडे फौजेच्या तळावरचे, हाती आले ते घेऊन जुळवलेली. आणि किती पिढ्या ती न थांबता धावते आहे!

एका सकाळी भवानीबाई माझ्यापाशी उभी होती. त्र्यंबक जिन्यावरून उतरला.

“काय बघताय काकू?”

“अय्यो तम्मा, काय सांगू. दसरा झाला की गुजरीस जायची ही.”

“गुजरीत?” त्र्यंबकचे डोळे मोठे झाले. “काय सांगताय! नाद खुळा!”

“खुळा कोण?”

“नाही हो, भारीच की म्हणतोय. सगळ्यांच्या नशिबात गुजरी नसते. आमच्या सिंधूला लग्नात सगळं गुजरीतनंच घेतलं. मंगळसूत्र धरून.”

भवानीबाईचा हात माझ्या बॉनेटवर थिजला. “मंगळसूत्र? गुजरीतून?”

“मग! एकदम खणखणीत. आईनं स्वतः निवडलं.”

“पापम्,” भवानीबाई पुटपुटली, आणि त्याच संध्याकाळी तिने त्या बिचाऱ्या पोरीसाठी वाडगाभर पायसम वर पाठवले.

तुम्ही हसाल. म्हैसूरच्या बोलीत गुजरी म्हणजे भंगार, आणि कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची पेठ. भवानीबाईला वाटले, या मुलाने बायकोला भंगारातले मंगळसूत्र घातले. त्र्यंबकला वाटले, कोणी हौशी सराफ मला विकत घेऊन पेढीसमोर मांडणार आहे.

रविवारी तो बादली घेऊन खाली आला. सराफाच्या दारात जायची गाडी अशी मळकी कशी जाईल, म्हणून त्याने ताडपत्री ओढली. त्याने माझे ट्रॅक्टरचे दिवे पुसले, फ्रिजची मूठ पुसली, शिसवीच्या कड्यावरचा घोडा नखाने कोरून कोरून मोकळा केला. इतक्या वर्षांनी अंगावर ऊन पडले. तो मध्येच थांबून मोठ्याने म्हणे, “अरे, हे येझदीचं! आणि हे कशाचं?” आपल्या अवयवांना कोणी नावाने ओळखावे, यासारखे सुख नाही.

तेवढ्यात सिंधू रिकामा वाडगा परत द्यायला खाली आली. भवानीबाईने तिचा हात धरून म्हटले, “खंत नको करू पोरी. पुढं होईल सगळं. नवं करून देईल तो तुला मंगळसूत्र.” सिंधू गोंधळली. प्रश्नावर प्रश्न झाले, आणि एकाएकी तिला उलगडा झाला. ती पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“अहो, भंगार! इथं भंगाराला गुजरी म्हणतात! भंगारात चाललीय गाडी!”

त्र्यंबक हसला नाही. त्याच्या हातातला फडका ठिबकत होता.

“भंगारात?” तो म्हणाला. “ही?”

मित्रांनो, त्या एका ‘ही?’वर माझे उरलेले आयुष्य उभे आहे.

भवानीबाईकडून त्याने सारी अट ऐकली: लिंबू, आयुधपूजा, विजयादशमी. मग त्याने अंगावर जुने कपडे चढवले आणि तो माझ्याखाली शिरला. पुण्याहून फियाटची एक क्लच प्लेट मागवली. ती आली. बाहेरून माझ्या इंजिनाला बरोबर बसली, पण मधल्या भोकाचे दात गिअरबॉक्सच्या दांड्यावर चढेनात. कारागिराची चूक असेल असे वाटून त्याने दुसरीकडून दुसरी मागवली. तीही तशीच. “बाहेरून जमतंय, आतून जमत नाही,” तो माझ्याखालून ओरडला. सिंधू वरून म्हणाली, “लग्नाचं बोलताय की गाडीचं?”

इंजिन फियाटचे म्हणजे गिअरबॉक्सही फियाटचाच असणार, असे सगळ्यांनी धरले होते. मला सत्य ठाऊक होते. पण मोटारीला बोलता येते ते फक्त इंजिन सुरू असताना, आणि तेही कोणाला कळत नाही.

“काकू, काकांनी गिअरबॉक्स कुठनं आणला होता?”

“ती इंग्लिश नावं मला काय ठाऊक, बा,” भवानीबाई म्हणाली, आणि ते तिथेच राहिले.

दसरा जवळ येत चालला. पेठेत केळीचे खुंट दिसू लागले. एके दुपारी त्र्यंबक हताश होऊन माझ्या पायरीवर बसला होता. त्याचे मन रमावे म्हणून भवानीबाई जुन्या गोष्टी सांगू लागली.

“ह्या गाडीपायी मी काय कमी सोसलं? सरगूरहून पेट्टिगे तर मीच आणली. बसमध्ये, मांडीवर घेऊन.”

“पेटी? काका पेटी वाजवायचे?”

“ते कशाला वाजवतील? गाडी निघाली की तीच वाजायची. लई जड बा. शालीत गुंडाळलेली. कंडक्टर म्हणाला, बाई, लेकराचं अर्धं तिकीट काढा. मी म्हटलं, लेकरू नव्हे, लोखंड आहे. आणि सगळं तेल गळलं की माझ्या नव्या साडीवर.”

त्र्यंबक सहज मान हलवत होता. ती हलायची थांबली.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “पेटीतनं तेल कसं गळेल?”

“पेट्टिगेतून गळणार नाही तर कशातून? ती काय, तुझ्या पाठीमागं आहे ती!” भवानीबाईने माझ्या पोटाकडे बोट दाखवले. फत्तेसिंगराव गिअरबॉक्सला घरात पेट्टिगे म्हणत, आणि तिलाही तेच नाव ठाऊक होते. गिअरबॉक्स नावाच्या वस्तूबद्दल तिला कोणी कितीही विचारले असते, तरी तिने नाहीच म्हटले असते.

“कुणाची होती ती?”

“सरगूरच्या डॉक्टरांची. दोन दारांची मोटार होती त्यांची, हेराल्ड. बैलानं धडक दिली तिला.”

त्र्यंबक एवढ्या जोरात उठला की त्याचे डोके माझ्या दारावर आपटले. मला लागले नाही.

आता कोडे सुटले होते, पण वस्तू कुठे होती? हेराल्ड केव्हाच रस्त्यांवरून नाहीशा झालेल्या. बरे, तिची अख्खी प्लेटही चालणार नव्हती. मला लागत होती ती कुठल्याच दुकानात न मिळणारी प्लेट: बाहेरची कड फियाटची आणि मधला दातेरी तुकडा हेराल्डचा, रिबिटा मारून एकजीव केलेला. फत्तेसिंगरावांनी ती तशीच केली होती. त्र्यंबकने बंगळूरची दुकाने पालथी घातली. दुकानदार हेराल्डचे नाव ऐकून प्रेमाने हसत, चहा पाजत आणि रिकाम्या हाताने परत पाठवत.

शेवटी तो गेला गुजरीत. होय, वेंकटेशच्याच आवारात. तिथे काय झाले ते त्याने परत आल्यावर भवानीबाईला साभिनय सांगितले, म्हणून मला कळले. वेंकटेशला मराठी येत नाही, त्र्यंबकला कन्नड येत नाही. दोघांनी हिंदीचे हाल करत व्यवहार केला. गंजक्या ढिगाच्या तळाशी एक प्लेट होती. कड खाऊन गेलेली, पण मधले दात शाबूत.

“कुठल्या गाडीला?” वेंकटेशने विचारले होते.

“फत्तेसिंगरावांच्या.”

“म्हणजे माझ्याच गाडीला? विजयादशमीला माझ्याकडे येणार आहे, तिला?” वेंकटेशने कपाळाला हात लावला. “सार, माझ्याच ताटातलं उचलून मलाच उपाशी ठेवता!” मग प्लेटवरची माती फुंकून तो म्हणाला, “न्या. गाडी चालली नाही तर प्लेट गाडीसकट परत येईल. चालली तर मी बघायला येईन. फायबरची गुजरी चालताना मी कधी बघितली नाही.”

बन्नीमंटपाजवळच्या एका कारागिराने दोन्ही तुकडे जोडले. त्र्यंबकने माझी पेट्टिगे खाली घेतली. नवमीच्या आदल्या संध्याकाळी ती परत चढवताना एक बोल्ट काही केल्या आवळेना. पाना सारखा घसरे. तेव्हा अंगणात पावले वाजली. शरत उभा होता.

“तो पाना नाही बसणार,” तो अवघडून म्हणाला. “इंजिनचे बोल्ट मिलिमीटरचे. पेट्टिगेचे इंचाचे. बाबांनी दोन्ही... मिक्स केलंय.” आणि त्याने वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतून आणलेला पाना पुढे केला. त्र्यंबकने तो घेतला. शरत परत गेला नाही. बोल्ट आवळले जाईपर्यंत दिवा धरून तिथेच बसला.

आयुधपूजा आली. अंगण शिंपले होते. उपसलेल्या तलवारीला कुंकू लागले. माझ्या ट्रॅक्टरी दिव्यांवर झेंडूची माळ चढली आणि चाकांपुढे लिंबे बसली, हिरवट, टणक, मला डिवचणारी. वेंकटेश पांढरे धोतर नेसून फाटकाशी उभा होता. त्र्यंबक चालकाच्या जागेकडे निघाला, तशी भवानीबाईने त्याला अडवले.

“शरत बसेल. जायची असेल तर त्याच्या हातानं जाईल, राहायची असेल तर त्याच्या हातानं राहील.”

शरत बसला. माझे इंजिन खोकले, शिंकले आणि चालू झाले. त्याने गिअर टाकला, पाय सोडला, आणि मी एक आचका देऊन बंद पडले. गल्लीतली मुले ओरडली, “गुजरी! गुजरी!” लिंबे जागच्या जागी होती. शरतच्या कानशिलावर घाम आला. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. मी पुन्हा जागी झाले.

भवानीबाई खिडकीशी वाकली. तिचा आवाज अगदी हळू होता. पण तो तिचा नव्हता, आम्हा दोघांनाही ठाऊक असलेल्या दुसऱ्याच कोणाचा होता.

“दाबू नको. झटकू नको. वितळू दे.”

शरतने डोळे मिटले. त्याचा पाय हळूहळू वर आला, लोण्यावरून यावा तसा. फियाटची कड आणि हेराल्डचे दात एकमेकांना भेटले, क्षणभर थरथरले आणि एकत्र फिरू लागले. माझ्या पुढच्या चाकाखाली एक ओला, आंबट, स्पष्ट आवाज झाला. चट्!

मी थांबले नाही. थांबायचे कारणच काय? मागची लिंबेही फोडली, फाटक ओलांडले, आणि केळीचे खुंट बांधलेल्या बसगाड्यांच्या शेजारून, माझ्या कोऱ्या कपाळानिशी, भर रस्त्यावर आले. मागे वेंकटेश हसत ओरडत होता, “प्लेट गेली! गाडी पण गेली!” मुले अजून गुजरी म्हणून ओरडत होती, पण आता ती मागे धावत होती.

शरतची नवी गाडी आजही फाटकाबाहेर, रस्त्यावर उभी राहते. ओरखड्यांना तो पॉलिश लावतो. आतली जागा माझी आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी अखेरीस हात जोडून ‘आम्हाला सांभाळा’ म्हणावे, अशी रीत आहे. मी हात जोडणार नाही. माझे हात कुठून कुठून आणलेले आहेत, ते जोडण्यापेक्षा काम करतात. मी एवढेच बजावते: एखादी वस्तू चालत नाही असे ठरवण्याआधी, जिने तिचा भार मांडीवर वाहिला आहे तिला विचारा, आणि तुमच्या शब्दांत नव्हे, तिच्या शब्दांत विचारा. सुटा भाग हरवत नाही. त्याचे नाव हरवते.

आणि मला खुशाल गुजरी म्हणा. आमच्या गावात त्याचा अर्थ भंगार असेल. पण एक कोल्हापूरचा माणूस दर रविवारी फडका घेऊन येतो आणि अजूनही त्याचाच अर्थ खरा धरतो. वाद तुम्ही घालत बसा. मला टेकडी चढायची आहे.